फेस येत नाही, दोष कुणाचा?

रे रोड स्टेशनजवळ एक छोटे सलून आहे. दोन खुर्च्या, दोन आरसे आणि भिंतीवर एक कॅलेंडर, एवढाच त्याचा पसारा. सलूनवाले मामा अजूनही जुन्या पद्धतीने दाढी करतात. म्हणजे ट्यूबमधले क्रीम नाही. साबणाची कडक, गोल वडी, एक वाटी आणि ब्रश.

गेल्या उन्हाळ्यात एका सकाळी मी तेथे गेलो, तर मामा भलतेच चिडलेले होते. "सर, या वेळचा साबण नकली आला आहे. घोटून घोटून हात दुखला, पण फेस धरत नाही. कालपासून दोन गिऱ्हाइकांना वस्तरा लागला." शेजारच्या दुकानदाराला परत करण्यासाठी त्यांनी वड्यांचे खोके बांधून ठेवले होते. दुकानदार म्हणत होता, माल नेहमीचाच आहे. वीस वर्षांचा स्नेह, पण दोघांचे बोलणे बंद झाले होते.

मी विचारले, "मामा, पाणी कुठले?" मामा म्हणाले, "तीन दिवस नळ कोरडा आहे. विहिरीचे पाणी पिंपात भरून ठेवले आहे. पण पाण्याचा काय संबंध?"

पाण्याचा संबंध काय, तेच आज आपण पाहू.

प्रथम, दाढीला फेस लागतोच कशाला? केस पाणी शोषून घेतो. पूर्ण भिजलेला केस आपल्या वजनाच्या सुमारे ३० टक्के पाणी धरतो आणि मऊ होतो. मऊ केस कापायला जोर कमी लागतो. पण नुसते पाणी गालावर ठरत नाही, ओघळून जाते. फेस हे पाणी दोन-तीन मिनिटे गालावर धरून ठेवतो, आणि वस्तऱ्याखाली निसरडा थरही देतो. फेस कोरडा पडला की केस पुन्हा ताठ होतो, वस्तरा अडखळतो आणि रक्त येते. मामांच्या दोन गिऱ्हाइकांचे नेमके हेच झाले.

आता फेसाकडे वळू. फेस म्हणजे हवेचे असंख्य बुडबुडे आणि त्यांच्यामध्ये पाण्याचे पातळ पडदे. शुद्ध पाण्यात बुडबुडा केला तर तो लगेच फुटतो. साबणाच्या रेणूला मात्र दोन टोके असतात. एक टोक जलस्नेही, तर दुसरे, लांब शेपटीसारखे टोक, पाण्यापासून दूर पळणारे. म्हणून हे रेणू पाण्याच्या पृष्ठभागावर दाटी करतात. डोके पाण्यात, शेपटी हवेत. त्यामुळे पाण्याचा पृष्ठताण मीटरला ७२ मिलिन्यूटन असतो, तो ३० च्या आसपास उतरतो.

पण फेस टिकण्याचे खरे रहस्य पुढेच आहे. पडदा एखाद्या ठिकाणी ताणला गेला की तेथे साबणाचे रेणू विरळ होतात. विरळ झाले की त्या ठिकाणचा पृष्ठताण वाढतो. वाढलेला ताण शेजारचे द्रव आपल्याकडे खेचून घेतो आणि पडदा पुन्हा जाड होतो. म्हणजे साबणाचा पडदा स्वतःची डागडुजी स्वतःच करतो! मात्र त्यासाठी राखीव साबण हाताशी हवा.

अंघोळीच्या साबणाचाही फेस होतो, मग दाढीचा साबण वेगळा का? खोबरेल तेलाच्या साबणाचा फेस चटकन येतो, पण बुडबुडे मोठे असतात आणि लवकर बसतात. दाढीच्या साबणात स्टिअरिक आम्लाचे प्रमाण मोठे असते. त्याचा फेस सावकाश येतो, पण बुडबुडे बारीक आणि टिकाऊ असतात. सोडियमचा साबण कडक, तर पोटॅशियमचा मऊ आणि अधिक विद्राव्य असतो. म्हणून कारखान्यात सहसा दोन्हींचा मेळ घालतात. चांगल्या फेसातले बुडबुडे सुटे दिसत नाहीत. ते प्रकाश सर्व दिशांना विखुरतात, म्हणून साबण हिरवा असला तरी फेस पांढराच दिसतो.

आता मामांच्या पिंपाकडे येऊ. मुंबईच्या नळाला येणारे पाणी हे मुख्यतः तलावांत साठवलेले पावसाचे पाणी. विहार तलावाचे पाणी शहराला १८६० पासून मिळू लागले, तानसाचे १८९२ पासून. पुढे वैतरणा आणि भातसा यांची भर पडली. रे रोडपासून जवळच, माझगावच्या भंडारवाडा टेकडीवर पाण्याचा मोठा साठा आहे. तलावाच्या पाण्यात कॅल्शियम व मॅग्नेशियम यांचे क्षार कमी असतात. अशा पाण्याला आपल्या पाठ्यपुस्तकात 'सुफेन' म्हणतात. गोदीच्या बाजूची जमीन मात्र समुद्राला लागून, काही तर समुद्रात भर घालून केलेली. तेथील विहिरींत खारे पाणी झिरपते आणि पाणी 'दुष्फेन' होते. शब्दच पाहा ना: फेस सहज येतो ते सुफेन, येत नाही ते दुष्फेन!

दुष्फेन पाण्यातला कॅल्शियमचा एक आयन साबणाच्या दोन रेणूंना धरतो, आणि न विरघळणारा पांढरा, चिकट साका तयार होतो. हिशेब करू. रसायनशास्त्रात पाण्याचा दुष्फेनपणा कॅल्शियम कार्बोनेटच्या वजनात मोजतात. त्याचा रेणुभार १००, सोडियम स्टिअरेटचा ३०६. दोन रेणू खर्ची पडतात, म्हणजे १०० भागांना ६१२ भाग साबण, जवळजवळ सहापट.

मी मामांच्या पिंपातले पाणी बाटलीत भरून कॉलेजात नेले आणि मोजले. लिटरला सुमारे ६०० मिलिग्रॅम भरले. एका दाढीला २० मिलिलिटर पाणी धरले तर त्यात १२ मिलिग्रॅम. म्हणजे सुमारे ७३ मिलिग्रॅम साबण फुकट. मामांची वडी दहा दाढ्यांच्या आधी आणि नंतर तोलली, तेव्हा ती ५ ग्रॅमने उतरली. म्हणजे एका दाढीला ५०० मिलिग्रॅम साबण.

हे आकडे पाहून मी थबकलो. पाणी साबणाचा फक्त सातवा हिस्सा खात होते! मग सहा हिस्से शिल्लक असताना फेस का धरेना? याची कारणे दोन. एक, साक्याचे कण नुसते पडून राहत नाहीत. ते पातळ पडद्यात शिरून पडदा फोडतात. दुसरे कारण मामांच्या हातात होते. फेस धरत नाही असे दिसले की ते वाटीत आणखी पाणी घालत. पाणी दुप्पट केले की साबणाचा आणखी एक सातवा हिस्सा गेला, आणि उरलेलाही पातळ झाला. डागडुजीला राखीव साबण राहिलाच नाही.

मग मी मामांना असे करायला सांगितले. वडीवर चमचाभर पाणी घालून पाच मिनिटे ठेवा, मग ते ओतून टाका. ब्रश भिजवून चांगला झटका. आता तो वडीवर अर्धा-पाऊण मिनिट फिरवा, ब्रशवर चक्क्यासारखा घट्ट लगदा जमेपर्यंत. मग वाटीत घोटा आणि पाणी थेंबाथेंबाने घाला. चक्क्याचे श्रीखंड होते तसा फेस मऊ आणि चकचकीत दिसू लागला की थांबा. पाणी दुष्फेन असेल तर वडीवर ब्रश दुप्पट वेळ फिरवा.

त्याच साबणाला, त्याच विहिरीच्या पाण्यात फेस आला. नळाच्या पाण्याइतका दाट नव्हे, पण दाढीपुरता टिकला. मामा काही बोलले नाहीत. त्यांनी खोक्याची दोरी सोडली, वड्या फळीवर लावल्या आणि पोऱ्याला सांगितले, "शेजारी एक चहा देऊन ये."

आता तुम्ही प्रयोग करा. वस्तरा किंवा ब्लेड अजिबात हाताळायचे नाही. दाढीच्या साबणाचा १ ग्रॅम कीस मोठ्यांकडून करून घ्या. तो १०० मिलिलिटर कोमट ऊर्ध्वपातित पाण्यात विरघळवा. हे द्रावण डोळ्यांत जाऊ देऊ नका. झाकणाच्या सारख्या बाटल्यांत नळाचे, विहिरीचे आणि पावसाचे पाणी प्रत्येकी २० मिलिलिटर घ्या. ड्रॉपरने दहा-दहा थेंब द्रावण घालून बाटली हलवा. एक मिनिट टिकणारा फेस येईपर्यंत किती थेंब लागले ते लिहा. मग विहिरीचे पाणी उकळून, गाळून, थंड करून पुन्हा मोजा. थेंब कमी लागले, तर दुष्फेनपणाचा तेवढा भाग तात्पुरता होता. समुद्राचे पाणी झिरपलेल्या विहिरीत फारसा फरक पडणार नाही. तो दुष्फेनपणा कायमचा.

शिक्षकांना सूचना: या प्रयोगात साबण, द्रावण आणि बाटली तीच ठेवून फक्त पाणी बदलायचे आहे, हे मुलांकडून वदवून घ्यावे. मामांचे पाणी बदलले होते, आणि ठपका साबणावर आला होता.

शेवटी दोन प्रश्न. पहिला: मामांच्या विहिरीच्या पाण्याने १५ लिटरची बादली भरून कपडे धुतले, तर फेस येण्याआधी किती साबण फुकट जाईल? उत्तर काढाल तेव्हा चकित व्हाल. दुसरा: समुद्राच्या पाण्याचा दुष्फेनपणा लिटरला ६००० मिलिग्रॅमच्या वर असतो, त्यात दाढीचा साबण हरतो, मग खलाशांसाठीचा खाऱ्या पाण्यातला साबण खोबरेल तेलाचा का करीत? त्याच्या रेणूची शेपटी स्टिअरिकपेक्षा आखूड असते, एवढे लक्षात ठेवून विचार करा.