वैद्यकाची सनद आणि तिची रुजुवात

पुण्यातील रुग्णालय सोडून नाशिकच्या रुग्णालयात रुजू होऊ पाहणाऱ्या एखाद्या भूलतज्ज्ञ डॉक्टरच्या मागोमाग कागदांची जी चळत स्थलांतर करते, तिच्यात जन्मतारखेपुरते लागणारे दहावीचे प्रमाणपत्र असते, एम.बी.बी.एस. आणि एम.डी. यांची पदवीपत्रे असतात, इंटर्नशिप पुरी केल्याचा दाखला असतो. वैद्यक परिषदेचे नोंदणीपत्र, त्यावर मागाहून चढविलेली पदव्युत्तर पात्रता, नूतनीकरणाची पावती, आधीच्या नोकरीतून कार्यमुक्त केल्याचे पत्र, कावीळ ‘ब’ची लस घेतल्याची नोंद आणि इन्डेम्निटी विम्याची प्रत असा उरलेला लवाजमा असतो. मनुष्यबळ विभागातील कारकून झेरॉक्स प्रती अस्सल कागदांशी ताडून पाहतो, प्रत्येकीवर ‘मूळ प्रत पाहिली’ असा शेरा मारून सही करतो, आणि फाइल कपाटात जाते. या शेऱ्याने नेमके काय सिद्ध होते, याचा विचार सहसा कोणी करीत नाही. ही झेरॉक्स त्या इसमाने स्वतःच आणलेल्या कागदाची नक्कल आहे, एवढेच त्यातून ठरते. तो कागद विद्यापीठाने खरोखरच दिला होता काय, आणि त्या इसमाचे नाव परिषदेच्या नोंदवहीत आज, या घटकेस, कायम आहे काय, हे दोन्ही प्रश्न अनुत्तरितच राहतात.

हे प्रश्न अनुत्तरित राहिल्याने काय होऊ शकते, याचे ठळक उदाहरण ब्रिटनमध्ये घडले. ऑकलंड विद्यापीठाची वैद्यकीय पदवी आपणापाशी आहे असे सांगून एका स्त्रीने १९९५ साली तेथील जनरल मेडिकल कौन्सिलकडे नोंदणी मिळविली. राष्ट्रकुलातील काही देशांच्या पदवीधरांना त्या काळी जी सवलतीची वाट खुली होती, त्या वाटेने ती आत आली आणि सुमारे दोन दशके मनोविकारतज्ज्ञ म्हणून सरकारी आरोग्यसेवेत वावरली. पदवीपत्र बनावट होते; पदवीची ग्वाही देणारे सोबतचे पत्रही बनावट होते, आणि त्यात ‘पडताळणे’ या अर्थाच्या इंग्रजी शब्दाचेच स्पेलिंग चुकलेले होते. ते कोणाच्या डोळ्यांत खुपले नाही. एका वृद्ध रुग्णेच्या बनावट मृत्युपत्राच्या प्रकरणात २०१८ साली तिला शिक्षा झाली, त्यानंतर तेथील एका पत्रकाराने तिचा पूर्वेतिहास खणून काढला, आणि २०२३ साली मँचेस्टरच्या न्यायालयाने पदवीच्या बनवाबनवीबद्दल तिला सात वर्षांचा कारावास फर्मावला. त्याच वाटेने आलेल्या सुमारे तीन हजार डॉक्टरांची दफ्तरे कौन्सिलला पुन्हा उघडावी लागली. ध्यानात घेण्याजोगी गोष्ट अशी, की मधल्या वर्षांत एखाद्या दक्ष रुग्णालयाने कौन्सिलची नोंदवही तपासली असती, तरी ‘नाव आहे’ असेच उत्तर त्याला मिळाले असते; कारण खोट थेट पहिल्या नोंदीतच होती.

नोंदवहीची ही संस्था फार पुरातन नाही. ब्रिटनमध्ये ती १८५८ च्या कायद्याने आली, मुंबई इलाख्यात १९१२ च्या. १८८६ साली आनंदीबाई जोशी फिलाडेल्फियाहून एम.डी. झाल्या आणि कोल्हापूर दरबाराने त्यांना अल्बर्ट एडवर्ड रुग्णालयाच्या स्त्री-विभागाची जबाबदारी देऊ केली, तेव्हा त्यांचे नाव शोधावे अशी नोंदवहीच इलाख्यात नव्हती. पुढे मुंबई, वऱ्हाड आणि निजामाचा मुलूख अशा निरनिराळ्या राजवटींचे वारसे घेऊन बनलेल्या राज्याला १९६५ साली महाराष्ट्र वैद्यक परिषदेचा कायदा मिळाला. अखिल भारताच्या पातळीवर १९५६ च्या कायद्याची जागा २०१९ च्या राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या कायद्याने घेतली. २०२१ च्या सप्टेंबरात सुरू झालेल्या आयुष्मान भारत डिजिटल मिशनमध्ये आरोग्य व्यावसायिकांची एक स्वतंत्र नोंदवही आहे, आणि २०२४ च्या ऑगस्टात आयोगाच्या राष्ट्रीय नोंदवहीचे पोर्टलही सुरू झाले. म्हणजे वह्यांचा तुटवडा आता राहिलेला नाही. या वह्या रुग्णालयाच्या मेजावर, कामाच्या घाईत, खरे उत्तर देतील अशी व्यवस्था रचणे, हा खरा मामला आहे, आणि संगणकीय उत्पादने घडविणाऱ्या मंडळींचा प्रवेश येथे होतो.

ही मंडळी बहुधा साठवणुकीपासून आरंभ करतात, आणि त्यात नवल नाही, कारण डॉक्टरांची पहिली तक्रार ‘तेच ते कागद किती वेळा द्यायचे’ अशीच असते. परंतु साठवणुकीची सोय डिजिलॉकरने २०१५ पासून केलेलीच आहे, आणि त्यात खुद्द देणाऱ्या संस्थेकडून येणारा दस्तऐवज आणि आपण फोटो काढून चढविलेला दस्तऐवज यांत पंक्तिभेद पाळला जातो, हीच त्यातील शिकण्याजोगी बाब आहे. ज्या संस्थेने सनद दिली, तिच्याच तोंडून तिची खात्री करून घेणे, हा या व्यवसायातील मूलभूत नियम होय. वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमने २०१९ साली जो नमुना प्रमाण म्हणून मान्य केला, त्याने या नियमाला गणिताचे बळ दिले: परिषद आपल्या गुप्त किल्लीने डॉक्टरच्या दाखल्यावर डिजिटल स्वाक्षरी करते, दाखला डॉक्टरच्या मोबाइलमध्ये राहतो, आणि परिषदेची जी दुसरी किल्ली सर्वांना उघड असते तिच्या आधारे कोणतेही रुग्णालय क्षणभरात पाहू शकते, की हा दाखला परिषदेनेच दिला आहे आणि त्यातील एक अक्षरही मागाहून बदललेले नाही. २०२० च्या महासाथीत इंग्लंडच्या आरोग्यसेवेने, कर्मचाऱ्यांना एका रुग्णालयातून दुसऱ्यात तातडीने हलविता यावे म्हणून, याच धर्तीचे मोबाइलमधील पारपत्र वापरून पाहिले.

तथापि स्वाक्षरी बोलते ती भूतकाळाविषयी. परिषदेने अमुक दिवशी अमुक लिहिले, याची ती साक्ष देते. ते आजही खरे आहे काय, हे तिला ठाऊक नसते. महाराष्ट्रात डॉक्टरची नोंदणी दर पाच वर्षांनी नूतनीकरण मागते आणि त्यासाठी निरंतर शिक्षणाचे ३० क्रेडिट अवर्स जमवावे लागतात. मुदत टळली की कालचा सच्चा कागद आज निरुपयोगी होतो. शिस्तभंगाचा हुकूम निघाला, तर तो मुदतीचीही वाट पाहत नाही. अमेरिकेत एका राज्यात कारवाई झालेला डॉक्टर गुपचूप दुसऱ्या राज्यात जाऊन बस्तान मांडत असे. त्यावर तोड म्हणून १९८६ च्या कायद्याने तेथे नॅशनल प्रॅक्टिशनर डेटा बँक स्थापिली गेली आणि १९९० च्या सप्टेंबरात ती उघडली. नेमणुकीच्या वेळी आणि त्यानंतर दर दोन वर्षांनी तिच्याकडे विचारणा करणे रुग्णालयांना बंधनकारक आहे. दोन वर्षे हा काळ मात्र फार लांब. म्हणून पुढे तेथे अशीही सेवा निघाली, की रुग्णालयाने डॉक्टरचे नाव एकदा नोंदविले, म्हणजे त्याच्याविषयी नवा अहवाल येताच सूचना आपण होऊन रुग्णालयाकडे येते. आपल्याकडे उत्पादन रचणाऱ्याने अनुकरण करावे ते या सूचनेचे. कारण विचारण्याची आठवण माणसाने ठेवायची, अशी ज्या व्यवस्थेची अपेक्षा असते, ती दिवाळीच्या सुट्टीत आणि कारकुनाच्या बदलीत हटकून कोलमडते.

यातही एक नाजूक प्रसंग असतो. परिषदेने एखाद्याचे नाव सहा महिन्यांसाठी काढले, त्याने उच्च न्यायालयात धाव घेतली आणि न्यायालयाने हुकुमास स्थगिती दिली, तर त्याच दिवसापासून तो पुन्हा व्यवसाय करण्यास मुखत्यार असतो. आणि जुन्या यादीवर विसंबलेला संगणक त्याला दाराबाहेर ठेवीत असेल, तर तो अन्यायच होय. सातबाऱ्यावर जशी फेरफाराची नोंद क्रमांकासह राहते, तशी प्रत्येक बदलाची तारीख, हुकूम आणि हुकूम देणारा अधिकारी यांची नोंद आतील दफ्तरी राहिली पाहिजे. पडद्यावर मात्र निकाली निघालेल्या गोष्टीच दिसाव्यात. केवळ दाखल झालेली तक्रार तेथे दाखविण्यास माझी सक्त हरकत आहे, कारण आपल्या समाजात तक्रार आणि दोष यांतील अंतर लोक फार लवकर पार करतात.

आता पडद्यावरील हिरव्या खुणेकडे वळू. एखाद्या सफाईदार ॲपमध्ये डॉक्टरने नोंदणीपत्राचा फोटो चढविला, की त्यापुढे एक हिरवी खूण उमटते. ती करणाऱ्याच्या मनात तिचा अर्थ ‘फाइल पोहोचली’ एवढाच असतो; रात्री दीड वाजता बदली डॉक्टर मिळविण्याच्या धडपडीत असलेल्या अधीक्षकाच्या मनात तिचाच अर्थ ‘डॉक्टर अस्सल आहे’ असा होतो. या दोन अर्थांच्या मध्ये जी फट आहे तीतूनच तोतये आत शिरतात. म्हणून मी तर म्हणेन, की खूणच नको, वाक्य हवे: ‘नोंदणी कायम. महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडून आज सकाळी १०.४० वाजता खातरजमा.’ अथवा, ‘डॉक्टरांनी स्वतः सादर केले, रुजुवात बाकी.’ अथवा, ‘परिषदेशी संपर्क झाला नाही, शेवटची खातरजमा तीन दिवसांपूर्वी.’ हे तिसरे वाक्य लिहिण्याचे धैर्य फार थोड्या उत्पादनांत आढळते. संपर्क तुटला की बहुतेक पडदे कालचेच उत्तर आजचे म्हणून दाखवितात. २०२५ साली महाराष्ट्र वैद्यक परिषदेने दवाखान्यांत लावण्यासाठी क्यूआर कोडची योजना आणली, जेणेकरून रुग्णानेही डॉक्टरची नोंद मोबाइलवर पाहावी. योजना स्तुत्यच आहे, पण कोड हे शेवटी एक चित्र असते आणि दुसरेच संकेतस्थळ उघडणारे तसले चित्र कोणीही छापू शकतो. तेव्हा जे पान उघडते त्याचा पत्ता परिषदेचाच आहे ना, आणि त्यावरील छायाचित्र समोर बसलेल्या डॉक्टरचेच आहे ना, या दोन गोष्टी पाहण्याची सवय रुग्णाला लावावी लागेल.

गणिताच्या मंडळींना जी अडचण अगोदर सुचत नाही आणि आपल्या कारकुनाला पहिल्या दिवशीच भेटते, ती नावाची. महाराष्ट्राच्या शालान्त प्रमाणपत्रावर आडनाव आधी, स्वतःचे नाव मध्ये आणि वडिलांचे नाव अखेरीस असते. पारपत्रावर आडनाव आणि नाव यांचे रकाने वेगळे असतात. आणि विवाहानंतर पुष्कळ स्त्रियांचे आडनाव आणि मधले नाव अशी दोन्ही बदलतात. अविवाहित असताना मिळविलेली एम.बी.बी.एस., विवाहानंतरची एम.डी., आणि दोहोंना सांधणारे राजपत्रातील नामांतराचे पान किंवा विवाह नोंदणीचा दाखला, असे तीन तुकडे जुळल्याखेरीज तिची ओळख पुरी होत नाही. त्यात इंग्रजी लेखनाची भर: ‘पाटील’मध्ये एक ‘आय’ की दोन ‘ई’, ‘नाईक’ की ‘नायक’. अक्षरशः जुळणी मागणारा संगणक अशा वेळी ‘विसंगती’ असे लाल अक्षरांत लिहून मोकळा होतो, आणि हेलपाटे पडतात ते बव्हंशी स्त्रियांना. नामांतर हा अपवाद न मानता नित्याचा व्यवहार मानून त्याची जागा पहिल्याच मसुद्यात ठेवणे, आणि माणसाची ओळख नावावर न टांगता नोंदणी क्रमांक व परिषद या जोडीवर टांगणे, हाच यावरचा उपाय. नुसता क्रमांक पुरत नाही, कारण तोच क्रमांक दोन राज्यांत दोन निराळ्या व्यक्तींचा असू शकतो.

नोंदणी आणि अधिकार या गोष्टीही भिन्न आहेत. परिषद डॉक्टरला व्यवसायाची परवानगी देते. या रुग्णालयात त्याने दुर्बिणीतून पित्ताशय काढावे की नाही, हे त्या रुग्णालयाची समिती ठरविते, आणि एन.ए.बी.एच.चे मानांकन हवे असेल तर तसे लेखी ठरवावेच लागते. ही यादी शस्त्रक्रियागृहाच्या परिचारिकेपर्यंत पोहोचली नाही, तर ती असून नसल्यासारखीच.

गोपनीयतेबद्दल थोडक्यात. सनदेची खात्री करणाऱ्याला डॉक्टरची जन्मतारीख, घरचा पत्ता वा गुण कळण्याचे काही कारण नाही. जितके विचारले तितकेच उघड करील असा दाखला आता तंत्रदृष्ट्या शक्य आहे, आणि २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याचा रोखही तिकडेच आहे. सर्वांचे सर्व कागद एका जागी गोळा करणारे कोठार मात्र चोरांना निमंत्रण देते.

राहता राहिला पैसा आधी कोठे खर्चावा हा प्रश्न. डॉक्टरांविषयी इतके बोललो, पण रुग्णाच्या उशाशी अधिक काळ असतात त्या परिचारिका. त्यांच्या नोंदी राज्य परिचर्या परिषदांकडे असतात, आणि त्यांतील कित्येक जुन्या हस्तलिखित वह्यांत, शाई फिकट झालेल्या, शाळेने कळविलेल्या नावाने लिहिलेल्या. खेड्यातील उपकेंद्रावरील ए.एन.एम. ताईंचा मोबाइल घरातील तिघे वापरीत असतील, तर ‘दाखला धारकाच्याच मोबाइलमध्ये सुरक्षित’ या गृहीताचे काय होते, याचाही विचार करावा लागेल. त्यांच्यासाठी छापील ओळखपत्र आणि जिल्हा रुग्णालयातील एक खिडकी हाच मार्ग कदाचित अधिक भरवशाचा. अशा परिस्थितीत मोठ्या रुग्णालयाच्या पडद्यावर नक्षी काढण्याआधी परिषदांच्या दफ्तरखान्यात माणसे नेमावी, वह्या उतरवून घ्याव्या, उतरविलेली प्रत्येक ओळ दुसऱ्या माणसाने मूळ पानाशी ताडावी, शंकास्पद नोंदींसाठी विद्यापीठांना पत्रे धाडावी, आणि उत्तर येईतो त्या नोंदींपुढे ‘रुजुवात बाकी’ असेच राहू द्यावे. या कामाला वर्षे लागतील, ते निविदेतील तक्त्यात शोभून दिसणार नाही, आणि सॉफ्टवेअर विकणाऱ्या कंपनीला त्यात नफाही फारसा नाही. म्हणून त्यासाठीची तरतूद सरकारनेच, सॉफ्टवेअरच्या खरेदीहून निराळ्या शीर्षाखाली, आधी केली पाहिजे.