रेडिओ अभिज्ञानपट्टी, अत्युच्च-कंप्रता

वस्तूचा किंवा वाहनाचा ओळखक्रमांक रेडिओ तरंगांच्या साहाय्याने काही मीटर अंतरावरून कळविणारी पातळ पट्टी. व्यवहारात तिला टॅग म्हणतात. तिच्या सर्वांत प्रचलित प्रकारात विद्युत् घट नसतो. कागदावर किंवा प्लॅस्टिकवर बसविलेला धातूचा आकाशक आणि त्याला जोडलेली, एक मिमी.हूनही लहान बाजूची सिलिकॉन चिप एवढेच तिचे मुख्य भाग असतात. या पट्ट्यांसाठी ८६० ते ९६० मेगॅहर्ट्‌झ कंप्रतेचे तरंग वापरतात. भारतात त्यांपैकी ८६५ ते ८६८ मेगॅहर्ट्‌झ ही मर्यादा ठरलेली आहे. या तरंगांची लांबी सु. ३५ सेंमी. असते. साधा आकाशक तिच्या निम्म्या लांबीचा लागतो. म्हणून त्याला नागमोडी वळणे देऊन तो लहान पट्टीत बसवितात.

कार्यपद्धती : वाचकयंत्र अखंड तरंग प्रेषित करते. चिपमधील एकदिशकारक त्यापासून एकदिश विद्युत् दाब मिळवितो व त्यावरच चिप चालते. वाचकयंत्राची परिणामी प्रारित शक्ती ४ वॉट असली, तरी १० मी. अंतरावर मोकळ्या जागेतही पट्टीच्या वाट्याला जेमतेम ५० मायक्रोवॉट येतात. आधुनिक चिपला याहूनही कमी शक्ती पुरते.

पट्टी उत्तर ‘पाठविते’ असे म्हणण्याचा प्रघात असला, तरी ते शब्दशः खरे नाही. तिच्यात प्रेषकच नसतो. चिप आकाशकाला जोडलेला संरोध झपाट्याने बदलते. त्यामुळे आकाशकावरून परावर्तित होणारा तरंग बदलत राहतो आणि या बदलांतच क्रमांकाचे द्विमान अंक सांकेतिक रूपात असतात. आरसा हलवून उन्हाच्या कवडशाने दूरच्या माणसाला खूण करावी, तसा हा प्रकार आहे. परत येणारी शक्ती अंतराच्या चतुर्थ घाताच्या व्यस्त प्रमाणात घटते [→ रडार]. स्वतःच्याच प्रबल तरंगातून हा क्षीण प्रतिसाद निवडून काढणे, हे वाचकयंत्राचे खरे अवघड काम होय. परावर्तित शक्तीने संदेशवहन करण्याची कल्पना हॅरी स्टॉकमन यांनी १९४८ मध्ये मांडली होती. मात्र स्वस्त पट्ट्यांना एकात्मित मंडलांची वाट पहावी लागली.

अनेक पट्ट्यांनी एकदम उत्तर दिल्यास गोंधळ होतो. २००४ मध्ये संमत झालेल्या दुसऱ्या पिढीच्या मानकानुसार वाचकयंत्र काही कालखंड जाहीर करते. प्रत्येक पट्टी त्यांपैकी एक यदृच्छेने निवडून प्रथम १६ द्विमान अंकांची यादृच्छिक संख्या देते. वाचकयंत्राने तीच संख्या परत सांगितली, तरच ती आपला क्रमांक उघड करते. अशा रीतीने सेकंदाला शेकडो पट्ट्या वाचता येतात.

धातूच्या पृष्ठाला लगटून लावलेली साधी पट्टी बहुधा निकामी ठरते, कारण परावर्तित तरंग मूळ तरंगाला जवळजवळ नाहीसा करतो. पाणी हे तरंग शोषून घेते. तळहाताने झाकलेली पट्टीही वाचली जात नाही.

उपयोग व धोके : गोदामे, कापडाची दुकाने व ग्रंथालये येथे या पट्ट्या वापरतात. भारतात राष्ट्रीय महामार्गांवरील पथकरासाठी फेब्रुवारी २०२१ पासून सक्तीची झालेली फास्टॅग ही याच जातीची पट्टी होय. ती वाहनाच्या पुढील काचेला आतून लावतात. तिच्यात पैसे साठविलेले नसतात. क्रमांक वाचल्यावर रक्कम त्याच्याशी निगडित खात्यातून वळती होते. नाक्यावरील वाचकयंत्राची शक्ती आणि रोख काळजीपूर्वक ठरवावे लागतात, अन्यथा मागच्या किंवा शेजारच्या वाहनाची पट्टी वाचली जाण्याचा संभव असतो.

साधी पट्टी विचारणाऱ्याची ओळख पटवून घेत नाही. मानकाप्रमाणे प्रश्न करणाऱ्या कोणत्याही वाचकयंत्राला ती उत्तर देते. क्रमांकात नाव नसले, तरी तोच क्रमांक ठिकठिकाणी नोंदला गेल्यास धारकाच्या हालचालींचा माग काढता येतो. विक्रीनंतर ३२ द्विमान अंकांच्या गुप्त संकेताने पट्टी कायमची मूक करण्याची सोय मानकात आहे. परंतु पुनःपुन्हा वाचावयाच्या पट्टीला हा उपाय लागू पडत नाही. २०१३ च्या सुधारित आवृत्तीत वाचकयंत्राची सत्यता गूढलेखनाने तपासण्याची ऐच्छिक तरतूद करण्यात आली. तथापि या आकडेमोडीसाठी चिपला लागणारी जादा शक्तीही त्याच मोजक्या मायक्रोवॉटमधून काढावी लागते आणि पट्टी वाचता येण्याचे अंतर तेवढे घटते.