३४५ पेक्षा ३२० मोठे

पुलगावहून वर्धा नदी ओलांडली की जिल्हा बदलतो आणि विद्यापीठही. अलीकडे १९२३ सालचे नागपूर विद्यापीठ, पलीकडे धामणगावला १९८३ मध्ये त्यातूनच वेगळे झालेले अमरावती विद्यापीठ. बी.कॉम.ला दोन्ही काठांवर तोच जमाखर्च शिकवतात, पण पदवीवर ‘प्रथम श्रेणी’ केव्हा छापायची हे ज्याची त्याची विद्या परिषद ठरवते. आपण मात्र फर्स्ट क्लास ही पोराची कमाई समजतो, उंची-वजनासारखी त्याच्या अंगची गोष्ट. निम्मी कमाई त्याची असते, उरलेली नियमांची.

मुळात मोजायचे काय, इथूनच फरक पडतो. मुंबई विद्यापीठात अनेक शाखांत वर्षानुवर्षे टी.वाय.च्या, म्हणजे तिसऱ्या वर्षाच्या, गुणांवरच क्लास ठरे. आता सहाही सत्रे धरतात. समजा, एखाद्या विद्यार्थिनीची सहा सत्रांची सरासरी ५.४, ५.६, ५.९, ६.१, ६.४, ६.५ अशी चढत गेली आणि श्रेयांक सगळीकडे सारखे आहेत. सगळी सत्रे धरली तर एकूण सरासरी (सीजीपीए) ५.९८, शेवटची दोनच धरली तर ६.४५. प्रथम श्रेणीची रेघ सहावर असेल तर एका हिशेबात ती आत, दुसऱ्यात बाहेर. खेड्यातून आलेली, पहिल्या वर्षी इंग्रजीशी झटापट करत मग सावरलेली मुले नेमकी अशीच चढत जातात. ब्रिटनमध्ये बहुतेक विद्यापीठे पहिले वर्ष क्लाससाठी धरतच नाहीत, ते उगाच नव्हे.

त्याहून गमतीचा प्रकार ग्रेडचा. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या दहा गुणांच्या पट्टीत ‘ओ’ला १०, मग उतरत उतरत ‘पी’ला ४ आणि नापासाला शून्य. किती टक्क्यांना कुठली ग्रेड, हे विद्यापीठावर सोडलेले. समजा, ६० ते ६९ ला ७ आणि ७० ते ७९ ला ८. एकाला पाचही विषयांत ६९ मिळाले: बेरीज ३४५, सरासरी ७. दुसऱ्याला तीन विषयांत ६० आणि दोनांत ७०: बेरीज ३२०, सरासरी ७.४. पंचवीस गुण कमी पडलेला पुढे गेला! यात कुणी लबाडी केलेली नाही. गणित चोख आहे. विषयाचे गुण आधी ग्रेडच्या खणात टाकले आणि मग खणांची सरासरी काढली, एवढेच झाले.

यावर प्राध्यापक मंडळी म्हणतील की तपासणीत चार-पाच गुणांचा फरक पडतोच, मग ६० आणि ६९ यांत भेद करण्यात काय अर्थ? मुद्दा रास्त आहे. पण त्याच न्यायाने ६९ आणि ७० यांत तर काहीच भेद नाही, आणि तिथेच अख्खा एक अंक जातो. खणांनी चूक नाहीशी होत नाही, ती सीमेवर गोळा होते. म्हणून तर सीमेपाशी कृपागुणांची ठिगळे लावावी लागतात. दुसरा आक्षेप नोकरी देणाऱ्यांचा: शेकडो अर्ज आल्यावर चाळणी तर हवीच. हवी, पण तिला सरासरी आणि त्या तुकडीतला क्रमांक पुरतो. ‘प्रथम’ हा शब्द त्या दोहोंपेक्षा कमीच सांगतो.

शिवाय चाळण्या एकासारख्या एक नाहीत. सेट-नेटला खुल्या प्रवर्गात पदव्युत्तर पदवीचे ५५ टक्के लागतात. तंत्रशिक्षण परिषदेच्या (एआयसीटीई) तक्त्यात ६.२५ सरासरी म्हणजे ५५ टक्के. सरळ दहाने गुणले तर तेच साडेबासष्ट होतात. नव्या चार वर्षांच्या पदवीत संशोधनासह ऑनर्स करायचे तर पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के हवेत, म्हणजे रेघ आता निकालाच्या दिवसाआधीच येऊन उभी राहते. गुणपत्रिकेच्या मागच्या बाजूला बरीच कोरी जागा असते. कुठली सत्रे धरली, ग्रेडचे खण कुठे पाडले, टक्के कुठल्या सूत्राने काढले आणि तुकडीत किती जणांना कुठली ग्रेड मिळाली, एवढे चार ओळींत तिथे सहज मावेल. पुलगावची गुणपत्रिका मग पुण्याच्या खिडकीवरच्या कारकुनालाही वाचता येईल.