बचावपटूच्या नजरेतून : जॅक चार्ल्टन यांची कारकीर्द

इंग्लंडच्या १९६६च्या विश्वविजेत्या संघातील मध्य-बचावपटू जॅक चार्ल्टन (१९३५–२०२०) यांची खेळाडू म्हणून वीस वर्षांची आणि व्यवस्थापक म्हणून जवळजवळ तितक्याच वर्षांची कारकीर्द सहसा दोन स्वतंत्र प्रकरणांत सांगितली जाते. परंतु आयर्लंड प्रजासत्ताकाच्या राष्ट्रीय संघाला त्यांनी १९८६ ते १९९६ या दशकात जी खेळपद्धती दिली, तिचा उगम त्यांनी बचावफळीत उभे राहून जे सोसले आणि निरखले त्यातच आहे, हे ध्यानात घेतल्यावाचून त्या पद्धतीचे मर्म कळत नाही. इंग्लिश फुटबॉलमधील व्यवस्थापक हा क्रिकेट दौऱ्यावरील व्यवस्थापकाप्रमाणे प्रवास-निवासाची सोय पाहणारा अधिकारी नसून, संघनिवड, सराव, डावपेच आणि क्लबच्या बाबतीत खेळाडूंची खरेदी-विक्री या सर्वांची जबाबदारी वाहणारा सूत्रधार असतो, एवढे येथे आधीच नमूद केलेले बरे.

इंग्लंडच्या ईशान्येकडील नॉर्थंबरलंड परगण्यात अ‍ॅशिंग्टन हे कोळसा खाणीचे गाव आहे. तेथे ८ मे १९३५ रोजी जन्मलेल्या चार्ल्टन यांच्या घरात फुटबॉल आईकडून आला. आईचे चारही भाऊ व्यावसायिक खेळाडू होते, तर न्यूकासल युनायटेडचा विख्यात आघाडीपटू जॅकी मिलबर्न हा तिचा चुलतभाऊ. दोन वर्षांनी धाकटा असलेला बॉबी लहानपणापासूनच असामान्य मानला गेला आणि पुढे मँचेस्टर युनायटेडचे भूषण ठरला. जॅक मात्र काही काळ खाणीत काम करून पाहिल्यानंतर लीड्स युनायटेडमध्ये दाखल झाले, १९५३मध्ये पहिला सामना खेळले आणि १९७३पर्यंत दुसऱ्या कोणत्याही क्लबकडे गेले नाहीत. त्या क्लबसाठी त्यांनी खेळलेले ७७३ सामने हा आजही तेथील विक्रम आहे. तथापि यातील पहिली काही वर्षे हट्टी, शिस्तीला न जुमानणाऱ्या खेळाडूची होती. १९६१मध्ये डॉन रेव्ही व्यवस्थापक झाल्यानंतरच त्यांच्या खेळाला वळण लागले आणि पुढे लीड्सने १९६९मध्ये लीग विजेतेपद, तर १९७२मध्ये एफए कप जिंकला.

मध्य-बचावपटू म्हणजे स्वतःच्या गोलसमोर मधोमध उभा राहून प्रतिस्पर्धी आघाडीपटूला रोखणारा, उंचावरून येणारे चेंडू डोक्याने परतवणारा खेळाडू. उंच, लांब मानेच्या चार्ल्टन यांनी ही उंची प्रतिपक्षाच्या गोलसमोरही कामी आणली. लीड्सला कॉर्नर मिळाला, म्हणजे मैदानाच्या कोपऱ्यातून चेंडू मारण्याची संधी मिळाली, की ते थेट गोलरेषेवर जाऊन गोलरक्षकाच्या पुढ्यात उभे राहत. गोलरक्षकाला चेंडू नीट दिसत नसे, पुढे झेप घ्यायला जागा मिळत नसे आणि त्यांना ढकलावे तर पेनल्टीची भीती असे. दरम्यान आत वळून येणारा चेंडू त्यांच्या डोक्याला लागून गोलमध्ये तरी जाई किंवा मागच्या सहकाऱ्यासाठी खाली पडे. यात नियमाचा भंग नव्हता, पण तक्रारी पुष्कळ झाल्या. प्रतिपक्षाला कोणत्या जागी अवघडल्यासारखे होते, हे शोधून नेमके तेथेच उभे राहण्याची ही बुद्धी त्यांच्या पुढील सर्व कामाचे बीज होय.

इंग्लंडकडून त्यांची निवड १९६५मध्ये, तिशीच्या उंबरठ्यावर झाली. १९६६च्या विश्वचषकात उपांत्य सामन्यात पोर्तुगालविरुद्ध बॉबीने दोन गोल केले, तर जॅक यांचा हात चेंडूला लागून पेनल्टी गेली आणि तिच्यावर युसेबियोने गोल केला. अंतिम सामन्यात शेवटच्या मिनिटाला त्यांच्याविरुद्ध दिल्या गेलेल्या फ्री किकमधूनच पश्चिम जर्मनीने बरोबरी साधली. जादा वेळेत इंग्लंडने तो सामना ४–२ असा जिंकला. बचावपटूने नव्वद मिनिटे जे होऊ दिले नाही त्याची नोंद कोठेच होत नाही आणि एका क्षणात जे घडले ते कायमचे लिहिले जाते. या अन्यायाची जाणीव असलेला माणूस पुढे संघ घडवताना चुकीला एवढा का जपतो, हे समजण्यासारखे आहे.

खेळत असतानाच त्यांनी प्रशिक्षकांसाठीचे अभ्यासवर्ग केले होते. १९७३मध्ये दुसऱ्या श्रेणीतील मिडल्सब्रोची सूत्रे हाती घेताच पहिल्याच हंगामात त्यांनी १५ गुणांच्या आघाडीने श्रेणीचे विजेतेपद मिळवले, तेही विजयाला दोनच गुण मिळत त्या काळात. त्यामागेही बचावपटूचाच विचार होता. आघाडीच्या सहकाऱ्याकडे चेंडू मारला जात असताना तो प्रतिपक्षाच्या बचावफळीपलीकडे असेल तर तो ऑफसाइड ठरतो. म्हणून अनेक संघ बचावफळी पुढे सरकवून त्याला या सापळ्यात पकडत. चार्ल्टन यांनी अ‍ॅलन फॉगन या वेगवान खेळाडूला मधल्या फळीतून धावत यायला लावले आणि चेंडू त्या पुढे सरकलेल्या फळीच्या डोक्यावरून मागच्या मोकळ्या जागेत टाकला. धाव मागून सुरू होत असल्याने सापळा निकामी ठरे. पुढे शेफील्ड वेन्सडेला त्यांनी १९८०मध्ये तिसऱ्या श्रेणीतून वर आणले. न्यूकासलमधील एका हंगामाबद्दल विशेष सांगण्यासारखे नाही. इंग्लंडच्या व्यवस्थापकपदासाठी १९७७मध्ये त्यांनी केलेल्या अर्जाला इंग्लिश संघटनेने उत्तरही दिले नाही.

१९८६च्या आरंभी आयर्लंडने त्यांना नेमले, तेव्हा हा देश विश्वचषकाच्या किंवा युरोपीय स्पर्धेच्या अंतिम टप्प्यासाठी कधीही पात्र ठरला नव्हता. आई-वडील किंवा आजी-आजोबा आयरिश असलेल्या खेळाडूंना नियमाने आयर्लंडकडून खेळता येत असे. पोटासाठी पिढ्यान्‌पिढ्या इंग्लंड-स्कॉटलंडकडे गेलेल्या कुटुंबांतील अशा मुलांचा चार्ल्टन यांनी कसून शोध घेतला. ग्लासगोत जन्मलेला रे हाउटन आणि लिव्हरपूलचा जॉन ऑल्ड्रिज हे त्यांपैकीच होत. पद्धत मोजक्या शब्दांत सांगता येते. तत्कालीन राष्ट्रीय संघ मधल्या फळीतील कुशल खेळाडूमार्फत संथपणे चाल रचत. चार्ल्टन यांनी तो भागच ओलांडून चेंडू प्रतिपक्षाच्या कडेच्या बचावपटूंच्या पाठीमागे मारायला सांगितले. स्वतःच्या गोलकडे तोंड करून धावावे लागणे हे बचावपटूचे खरे दुःख, आणि ते ज्याने वीस वर्षे भोगले त्याने ते आता दुसऱ्याच्या वाट्याला दिले. चेंडू मागे पडताच आयरिश खेळाडू जथ्याने तुटून पडत आणि शांतपणे वळून पास देण्याची उसंत ठेवत नसत.

१२ जून १९८८ रोजी युरोपीय स्पर्धेच्या अंतिम टप्प्यात श्टुटगार्टमध्ये इंग्लंडविरुद्ध सहाव्याच मिनिटाला या पद्धतीचे फळ दिसले. मागून आलेल्या लांब फ्री किकनंतर चेंडू गोलसमोर लोंबकळत आला, इंग्लंडचा केनी सॅन्सम तो साफ करताना चुकला, चेंडू सरळ वर उडाला, ऑल्ड्रिजने तो डोक्याने बाजूला दिला आणि हाउटनने हेडरने पीटर शिल्टनच्या डोक्यावरून जाळ्यात धाडला. आयर्लंड १–० असे जिंकले. १९९०च्या विश्वचषकात नेदरलँड्सविरुद्धचा गोल तर या पद्धतीचा जणू पाठच आहे : गोलरक्षक पॅकी बॉनरची लांब किक, दबावाखाली व्हॅन आर्लेने स्वतःच्याच गोलरक्षकाकडे मागे दिलेला चेंडू, व्हॅन ब्रोइकेलेनच्या हातून तो सुटणे आणि नायल क्विनने साधलेली बरोबरी. त्या स्पर्धेत आयर्लंडने पाच सामन्यांत दोनच गोल केले. रुमानियाला पेनल्टी शूटआउटमध्ये ५–४ असे हरवून, नियमित खेळात एकही सामना न जिंकता, ते उपांत्यपूर्व फेरीत पोहोचले आणि रोममध्ये इटलीकडून ०–१ असे हरले.

या खेळावर कठोर टीका झाली, आणि तिच्यात तथ्य होते. लिअम ब्रेडीसारख्या चेंडूवर अद्भुत हुकमत असलेल्या खेळाडूला या आराखड्यात जागा उरली नाही. १९८९मध्ये पश्चिम जर्मनीविरुद्धच्या सामन्यात त्याला मध्यंतरापूर्वीच बाहेर काढण्यात आले, ते क्लेशदायकच होते. १९९०च्या विश्वचषकातील इजिप्तविरुद्धचा गोलशून्य सामना तर पाहणाऱ्याच्या सहनशीलतेची परीक्षा होती. मात्र कमी खेळाडूंच्या लहान देशाला मोठ्यांच्या पंक्तीला बसवायचे तर हाताशी असलेल्या माणसांच्या बळावरच पद्धत बेतावी लागते, आणि ते चार्ल्टन यांनी कोणाची भीड न ठेवता केले. १९९४च्या विश्वचषकात न्यू यॉर्कजवळ आयर्लंडने इटलीला १–० असे हरवले, तेव्हा पॉल मॅग्राने बचावात केलेला खेळ त्या पिढीतील सर्वोत्तम बचावकार्यांपैकी एक होता.

डिसेंबर १९९५मध्ये लिव्हरपूलच्या अ‍ॅनफील्ड मैदानावर नेदरलँड्सकडून ०–२ असा पराभव झाल्याने १९९६च्या युरोपीय स्पर्धेची संधी हुकली आणि चार्ल्टन यांनी पद सोडले. आयर्लंडने त्यांना सन्माननीय नागरिकत्व दिले. त्यांच्यानंतर तो देश विश्वचषकाला पुन्हा पात्र ठरला तो २००२मध्ये, आणि युरोपीय स्पर्धेच्या अंतिम टप्प्यात परतला तो श्टुटगार्टनंतर २४ वर्षांनी, २०१२मध्ये.