तालीम मास्तर

गावात नाटक बसवणाऱ्या माणसाला दिग्दर्शक म्हणायची पद्धत नाही. तो मास्तर. मग तो शाळेत शिकवत असो, पोस्टात असो की शेती करत असो, तालमीला उभा राहिला की तो मास्तर होतो. हा शब्द उगाच आलेला नाही. आपल्या संगीत रंगभूमीच्या उभारणीत शाळामास्तरांचा हात मोठा आहे. १८८० साली पुण्यात 'संगीत शाकुंतल' रंगभूमीवर आणणारे अण्णासाहेब किर्लोस्कर काही काळ बेळगावच्या शाळेत शिकवत होते. त्यांचा तिथला एक विद्यार्थी पुढे त्याच गावात शिक्षक झाला. ते गोविंद बल्लाळ देवल. सांगलीजवळच्या हरिपूरचे.

देवल म्हटले की आपल्याला १८९९ सालची 'शारदा' आठवते, 'संशयकल्लोळ' आठवते. नाटककार म्हणून ते मोठेच. पण नाटक मंडळ्यांत त्यांचा मान होता तो तालीम मास्तर म्हणूनही. १९०५ साली नारायण राजहंस नावाचा कोवळा मुलगा किर्लोस्कर मंडळीत आला. गळा त्याने येतानाच आणला होता. रंगभूमीवर बोलावे कसे, वावरावे कसे, याचे धडे त्याला देवलांनी दिले. बालगंधर्व देवलांना गुरू मानत, ते यासाठी. आणि देवलांचे संवाद वाचून पाहा. घरातली माणसे घरात बोलतात तशी ती भाषा आहे. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

मंडळीतला नट पगारी होता, तालीम हेच त्याचे काम होते. गावच्या मास्तरच्या वाट्याला असे नट येत नाहीत. आपल्या पेण तालुक्यातले जोहे घ्या. हमरापूर आणि जोहे ही गणपतीच्या मूर्तींची गावे. भाद्रपद जवळ येऊ लागला की कारखान्यात रात्र आणि दिवस सारखेच. साच्यातून मूर्ती काढणारा, रंगाचा हात मारणारा, डोळ्यांची आखणी करणारा, कोणालाच मान वर करायला सवड नसते. अशा गावात नाटक बसवायचे तर मास्तरला पंचांग उलटे वाचावे लागते. सगळा महाराष्ट्र गणेशोत्सवात नाटके करतो, तेव्हा इथल्या नटांचे हात नुकते कुठे मोकळे झालेले असणार. तालमी त्यानंतर, आणि त्याही भातकापणी सांभाळून.

तालमीची जागा म्हणजे शाळेचा वर्ग, देवळाचा सभामंडप नाहीतर कोणाची तरी पडवी. पहिले काही दिवस नुसते वाचन. मग पात्रवाटप, आणि तिथेच निम्मी भांडणे. नायकाची भूमिका कोणाला, यात भावकी येते, वर्गणी कोणी किती दिली हे येते. पूर्वी प्रत्येकाला आपापल्या भाषणांची नक्कल हाताने उतरवून मिळायची. आता छापील पुस्तकाच्या झेरॉक्स निघतात. पाठांतर झाले की उभ्या तालमी, मग रंगीत तालीम. त्या दिवशी पहिल्यांदा कळते, की राजाचा अंगरखा राजाला होत नाही.

पूर्वी बायकांच्या भूमिका पुरुषच करत. पुढे नटी बाहेरगावाहून मानधन देऊन आणायची चाल पडली. ती एखाददुसऱ्या तालमीला येई, आणि बाकीचे दिवस मास्तर स्वतःच तिची भाषणे म्हणे. गावातली मुलगी उभी करायची असेल, तर मास्तरचे पहिले काम तिच्या वडिलांशी बोलण्याचे असते. तालमीनंतर तिला घरापर्यंत सोडणार कोण, हेही त्यानेच ठरवायचे.

पण या सगळ्याहून अवघड काम भाषेचे. आपल्या भागातली आगरी बोली 'पाणी'ला 'पानी' म्हणते, 'डोळे'चे 'डोले' करते, 'घोडा'चा 'घोरा' करते. ही बोली बोलणारा मुलगा घरात तास तास गप्पा मारील, हसवून लोळवील. त्याला स्टेजवर 'पाणी' म्हणायला लावले की चौथ्या खेपेला तो गप्प होतो. उच्चार सुधारतो, पण चेहरा दगडाचा होतो, हात कुठे ठेवायचे ते कळेनासे होते. मास्तरची खरी परीक्षा इथे आहे. शाळेतली सवय त्याला सांगते, आधी शुद्ध बोल. माझे मत विचाराल तर आधी त्याला मोकळे बोलू द्यावे. पौराणिक नाटकातला धर्मराज आगरीत बोलला तर लोक हसतील, हे खरे. मग धर्मराजाच्या वाटेला कशाला जायचे? त्याच्या बोलीतले नाटक घ्यावे, नसेल तर लिहावे. देवलांनी निराळे काय केले होते? आपल्या प्रेक्षकाची घरातली भाषा त्यांनी स्टेजवर आणली.

तिकडे मालवणीत हे घडून गेले आहे. गंगाराम गवाणकरांचे 'वस्त्रहरण' १९८० साली व्यावसायिक रंगभूमीवर आले. मच्छिंद्र कांबळींनी त्याचे हजारो प्रयोग केले. नाटकाचा विषय काय, तर गावकरी महाभारतातले नाटक बसवतात आणि त्याचे काय काय होते! त्यात गावच्या नाटकाची भरपूर थट्टा आहे, पण ती घरातल्या माणसाने केलेली थट्टा आहे. तोवर मालवणी बोलणारा शहरी नाटकात बहुधा गडी म्हणून यायचा. इथे त्याची बोली सगळ्या नाटकाची भाषा झाली.

राज्य नाट्यस्पर्धा १९५४ साली सुरू झाली, तेव्हापासून हौशी मास्तरला एक तारीख मिळाली आणि परीक्षकही मिळाले. पुष्कळ चांगले नट, लेखक या स्पर्धेतून वर आले. मात्र स्पर्धेत उतरायचे तर संस्था नोंदलेली हवी, संहितेला रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचे प्रमाणपत्र हवे, नेपथ्य टेम्पोत घालून केंद्रावर न्यायला पैसे हवेत. पुष्कळ मास्तर त्या वाटेला जात नाहीत. त्यांचा प्रयोग जत्रेच्या नाहीतर पूजेच्या रात्री, एकदाच. दोन महिने तालीम आणि एक रात्र. शेवटी शाल-श्रीफळ, तेही सरपंचांचे भाषण लांबले नाही तर.

त्या रात्री मास्तर कुठे असतो? विंगेत. हातात पुस्तक, त्यावर पेन्सिलीच्या खुणा : इथे थांब, इथे वळ, इथे आवाज खाली. समोर त्याच मुलाचा प्रवेश चालू असतो, मागच्या रांगेत त्याची आई बसलेली असते आणि मास्तर ओठ हलवत त्याचे वाक्य न वाक्य आधी म्हणत असतो.