एकादशीच्या ताटातली अमेरिका

आषाढी आली की ‘एकादशी अन् दुप्पट खाशी’ ही म्हण घरोघरी आठवते. साबुदाण्याची खिचडी, तिच्यात बटाट्याच्या फोडी, दाण्याचं कूट आणि हिरवी मिरची. शेजारी रताळ्याचा कीस आणि राजगिऱ्याचा लाडू. अस्सल मराठी ताट! पण यातल्या जवळजवळ प्रत्येक जिन्नसाचं माहेर अमेरिका खंडात आहे. बटाटा अँडीज पर्वतातला, भुईमूग बोलिव्हिया-अर्जेंटिनाच्या बाजूचा, मिरची आणि रताळं मध्य-दक्षिण अमेरिकेतलं. ज्ञानेश्वर-नामदेवांच्या काळातल्या वारकऱ्यापुढे हे ताट ठेवलं असतं, तर त्याला फोडणीतल्या तूप-जिऱ्याचीच काय ती ओळख पटली असती.

१४९२मध्ये कोलंबस कॅरिबियन बेटांवर उतरला, १४९८मध्ये वास्को द गामा कालिकतला पोचला आणि १५१०मध्ये पोर्तुगीजांनी गोवा घेतलं. पुढे त्यांच्या जहाजांतून अमेरिकी पिकं आपल्या किनाऱ्याला लागली. मिरचीने मिऱ्यांची जागा पटकन पटकावली. बटाट्याला मात्र घरोघरी पोचायला इंग्रजी अमदानी उजाडावी लागली.

साबुदाण्याचा प्रवास सगळ्यांत वळणावळणाचा. आग्नेय आशियात ‘सागो’ जातीच्या ताडाच्या खोडातल्या गरापासून तो बनायचा. आपल्याकडचा साबुदाणा होतो तो कसावाच्या मुळांपासून, आणि कसावा ब्राझीलकडचा. १८८०च्या दशकात त्रावणकोरचे महाराजा विशाखम तिरुनाळ यांनी दुष्काळावर उतारा म्हणून त्याच्या लागवडीला उत्तेजन दिलं. दुसऱ्या महायुद्धात आग्नेय आशियातून येणारा माल थांबला आणि तमिळनाडूतल्या सेलमला साबुदाण्याचे कारखाने उभे राहिले. तिथे कंद सोलून, धुऊन किसतात, चोथा गाळून काढतात आणि पांढरं पाणी हौदात निवळू देतात. तळाशी बसलेलं ओलसर सत्त्व हलवत राहिलं की त्याचे मणी वळले जातात. ते चाळून तापलेल्या पत्र्यावर भाजतात आणि उन्हात वाळवतात. भाजताना मण्याचा वरचा थर अर्धवट शिजतो. म्हणूनच भिजवल्यावर दाणा फुगतो, पण विरघळत नाही.

राजगिऱ्याची गोष्ट तर थेट देवघरातली. आपल्या परसातला माठ त्याचा चुलतभाऊ, पण लाह्या फुटणारा राजगिरा मेक्सिकोच्या बाजूचा. तिथले अॅझ्टेक लोक त्याच्या पिठात घायपाताच्या रसाचा पाक घालून उईत्झिलोपोच्त्ली या युद्धदेवाची मूर्ती घडवत. उत्सवात ती फोडून तिचे तुकडे वाटून खात. सोळाव्या शतकातला स्पॅनिश धर्मोपदेशक बर्नार्दिनो दे साहागून याने हे सोहळे तपशिलाने नोंदवून ठेवले आहेत. ख्रिस्ती पाद्र्यांना हा प्रसाद सैतानी वाटला. १५२१मध्ये अॅझ्टेक राजधानी पडल्यावर अशा विधींवर गदा आली आणि हे पीकही मागे पडलं. तरी मेक्सिकोत आजही राजगिऱ्याच्या लाह्या मधाच्या किंवा गुळाच्या पाकात घालून वड्या थापतात. त्या आपल्या चिक्कीशेजारी ठेवल्या तर चटकन फरक कळायचा नाही.

मग हे पाहुणे उपवासाला चालले कसे? पद्मपुराणातल्या एका कथेनुसार एकादशीला घाबरलेल्या पापपुरुषाला विष्णूने त्या दिवसापुरता धान्यात आसरा दिला. म्हणून त्या दिवशी धान्य वर्ज्य. म्हणजे निषेध भात, गहू, ज्वारी, डाळी अशा रोजच्या अन्नाचा होता. कंदमुळं आणि फळं आधीपासूनच मोकळी होती. बटाटा, रताळं कंद म्हणून आत शिरले. कसावाही कंदच. निषिद्धांची यादी ठरली तेव्हा राजगिरा आणि भुईमूग इथे कुणाला ठाऊकच नव्हते, त्यामुळे त्यांना अडवणारा नियमही नव्हता. भुईमूग खरं तर कडधान्याच्या कुळातला. पण त्याचं फूल जमिनीवर उमलतं आणि शेंग मातीत शिरून वाढते; शिवाय डाळ म्हणून त्याला कुणी शिजवत नाही.

देशी भगरीचा न्याय आणखी वेगळा. वनस्पतिशास्त्राच्या हिशेबात वरी हे चक्क तृणधान्य, तरीही ती उपवासाला चालते. नांगरणीशिवाय आपोआप उगवलेलं धान्य व्रताला चालतं, असा जुना संकेत आहे. ऋषिपंचमीला तो अजून पाळला जातो. त्या दिवशी बैलाच्या कष्टाचं खायचं नाही म्हणून परसातल्या भाज्यांची ‘ऋषीची भाजी’ होते. वरीची आता रीतसर शेती होते, पण तिला मिळालेली सवलत तशीच राहिली.

फळांच्या टोपलीतही हाच प्रकार. पेरू, पपई, चिकू, अननस सगळे अमेरिकी, सीताफळसुद्धा. त्याला थेट रामायणातलं नाव मिळालं आणि २०१६मध्ये बीडच्या सीताफळाला भौगोलिक मानांकनही.

टोमॅटो मात्र अमेरिकेतून येऊनही बहुतेक मराठी घरांत उपवासाच्या उंबऱ्याबाहेरच राहिला. उत्तर भारतात नवरात्राच्या व्रताला बटाट्याच्या रश्श्यात तो सर्रास पडतो. कोथिंबीर आणि जिऱ्यावर तर एकाच आळीतल्या दोन घरांचं एकमत होत नाही.