बाटलीत बुडबुडा नको

गोव्यातल्या कांदोळीच्या किनाऱ्यापासून साधारण १० किलोमीटर आत आल्यावर तांडेल इंजिन बंद करतो. खाली पाणी जेमतेम २८ मीटर. दोनापावलच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे संशोधक १९९७ पासून याच जागी पुन्हा पुन्हा येऊन पाणी तपासतात.

दोन्ही तोंडं उघडी असलेली निस्किन बाटली दोराला लावून खाली सोडतात. हवी ती खोली आली की वरून एक जड वजन सोडायचं. ते दोरावरून सरसरत जातं, खिटीवर आदळतं आणि झाकणं मिटतात. ज्याच्या हातात दोर असतो त्याला तो ठोका बोटांना कळतो.

बाटली वर आली की कुणी बोलत नाही. आधी ऑक्सिजनचा नमुना, लगेच कार्बनचा. रबरी नळी काचेच्या बाटलीच्या तळाला टेकवून पाणी सावकाश चढू द्यायचं. बाटली भरली तरी वाहू द्यायचं, म्हणजे हवेला लागलेलं पहिलं पाणी निघून जातं. नळीत बुडबुडा दिसला तर सगळं ओतून पुन्हा सुरुवात. मग मर्क्युरिक क्लोराइडचे थेंब. हे जहाल विष असतं, म्हणून हातमोजे घालून काम करायचं. पाण्यातले सूक्ष्मजीव जिवंत राहिले तर त्यांच्या श्वसनानं कार्बनचा आकडा बदलतो. शेवटी ग्रीस लावलेलं झाकण घट्ट बसवायचं. हलणाऱ्या बोटीवर हे करणारे हात पाहताना मला त्यांच्याबद्दल फार आदर वाटला.

एवढी काटेकोर निगा कशासाठी, ते आकडे पाहिल्यावर समजतं. समुद्राच्या पृष्ठभागाजवळच्या एक किलो पाण्यात विरघळलेला कार्बन असतो सुमारे २००० मायक्रोमोल. माणसानं सोडलेल्या धुरामुळे त्यात वर्षाला भर पडते ती साधारण एका मायक्रोमोलची. आणि उत्तम यंत्र, सरावलेला हात असला तरी मोजणीत एक-दोनाची चूक राहतेच. म्हणून प्रयोगशाळेत नमुन्याआधी कॅलिफोर्नियातल्या स्क्रिप्स संस्थेत तयार झालेलं, कार्बन नेमका ठाऊक असलेलं पाणी यंत्रात घालून पाहतात. ते जुळलं तरच पुढे जायचं.

समुद्र मुकाट्यानं सगळं पोटात घेतो, हा समज रॉजर रेव्हेल आणि हान्स स्यूस यांनी १९५७ मध्येच मोडला. पाण्यात शिरलेला कार्बन डायऑक्साइड तिथल्या कार्बोनेटशी संयोग पावून बायकार्बोनेट होतो. हे कार्बोनेट कमी होत गेलं की पुढचा वायू सामावून घेणं अवघड होतं. हवेतला वायू १० टक्क्यांनी वाढला तरी पाण्यातला एकूण कार्बन वाढतो जेमतेम एक टक्का. तरीही आपण दरवर्षी सोडतो त्यातला सुमारे पाव हिस्सा समुद्र घेतो. १९९४ ते २००७ या काळात त्यानं माणसानं सोडलेला अंदाजे ३४ अब्ज टन कार्बन सामावून घेतला. त्याची किंमतही मोजली: औद्योगिक क्रांतीपासून पृष्ठभागाच्या पाण्याचा सामू ८.२ वरून ८.१ वर आला. फरक किरकोळ दिसतो, पण आम्लता त्यानं पाव पटीहून अधिक वाढते.

आपल्या अरबी समुद्राचा हिशोब आणखी गुंतागुंतीचा. नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांत खोलातलं, कार्बननं भरलेलं पाणी वर येतं आणि हा समुद्र एकूणात वायू घेण्याऐवजी हवेत सोडतो. पावसाळा सरताना तळाच्या पाण्यातला ऑक्सिजन इतका घटतो की इथल्या बाटलीला कधी कुजक्या अंड्यांचा वास येतो. निसर्गाच्या या मोठ्या चढउतारात माणसाची भर ओळखायची, तर दशकानुदशकं सलग नोंदीच हव्यात. हवाई आणि बर्म्युडाजवळ १९८८ पासून तशा नोंदी आहेत, म्हणूनच तिथला बदल आज ठामपणे सांगता येतो.

राहून गेलेल्या महिन्याचा नमुना नंतर घेता येत नाही. तेव्हा अशा कामाला दोन-तीन वर्षांच्या प्रकल्पापुरते नव्हे, निदान वीस-पंचवीस वर्षांसाठी बांधील असे पैसे द्यावेत, आणि किनाऱ्यावर राहणाऱ्या आपण सर्वांनी ही मागणी आग्रहानं करावी.